मागचे दोन पाय

शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्षातनं दोनदा तरी तो मेसेज फिरून येतो. घोड्याचे पुढचे दोन्ही पाय हवेत असतील तर स्वार रणात पडला, एकच पाय उचललेला असेल तर लढाईतल्या जखमांनी गेला, चारही पाय जमिनीवर असतील तर अंथरुणात, म्हातारपणानं. खाली झेंडे, जोडलेले हात आणि ‘ही माहिती प्रत्येक मराठी माणसापर्यंत पोचवा’. यंदा तो आला तेव्हा मी कोल्हापूरच्या कावळा नाक्याच्या सिग्नलला रिक्षात होते. शेजारी आई. तिचे गुडघे डॉक्टरांना दाखवून आम्ही घरी चाललो होतो. समोर ताराराणीचा, म्हणजे महाराणी ताराबाईचा पुतळा, त्याला शिडी लावलेली, वर एक पोरगा पाण्याचा पाइप घेऊन घोडं धूत होता. कसलातरी कार्यक्रम असणार. घोड्याचे पुढचे दोन्ही पाय हवेत. मी तिथल्या तिथं लिहिलं, “ताराबाई ८६ व्या वर्षी साताऱ्यात वारली. लढाईत नाही.” ग्रुपवर दोन मिनिटं शांतता. मग एकानं अंगठा दाखवला आणि दुसऱ्यानं सकाळचा सुविचार टाकला.

तो नियमच मुळात बिनबुडाचा आहे. शिवाजी महाराज रायगडावर आजारपणात गेले, आणि गावोगावी त्यांचे घोडे पुढचे पाय उचलून उभे आहेत, त्यांचं काय करायचं? शिल्पकार घोड्याचे पाय ठरवतो ते जागा बघून, देणाऱ्याची थैली बघून आणि स्वतःची छाती बघून. पण मला राग येतो तो माहिती चुकीची म्हणून नाही. ताराबाई रणात पडली असं एकदा मानलं की तिची पुढची चोपन्न वर्षं अलगद पुसली जातात. आणि माझा जीव नेमका त्या चोपन्न वर्षांत अडकलाय. (तिला मी ‘ती’ म्हणते, याबद्दल कुणी रागावू नये. आईलाही मी ‘ती’च म्हणते.)

कावळा नाक्याला कागदोपत्री ताराराणी चौक म्हणतात. कागदोपत्रीच. केएमटीचा कंडक्टर आजही ‘कावळा नाका, कावळा नाका’ असंच ओरडतो आणि उतरणारे उतरतात. पुण्याकडनं किंवा सांगलीकडनं येणारा माणूस हायवे सोडून गावात शिरला की त्याला पहिली भेटते ती ही बाई. एवढा उंच चबुतरा, त्यावर उधळलेलं घोडं, हातात तलवार. बाहेरगावचे पाहुणे हमखास विचारतात, “झाशीची राणी का हो?” पूर्वी मी चिडायचे. आता नुसतं म्हणते, “तिच्या दीडशे वर्षं आधीची,” आणि गाडी पुढं घ्यायला लावते.

आमचं गाव तसं पुतळ्यांचंच. शिवाजी चौकात पूर्वी विल्सन नावाच्या गोऱ्या गव्हर्नरचा पुतळा होता. बेचाळीसच्या चळवळीत गावानं तो विद्रूप केला, फोडला, आणि १९४५ साली त्या जागी महाराजांचा अर्धपुतळा बसवला. बिंदू चौकात महात्मा फुले आणि बाबासाहेब आंबेडकर शेजारी शेजारी आहेत. ते बसवले ९ डिसेंबर १९५० ला, म्हणजे बाबासाहेब हयात असताना. दसरा चौकात शाहू महाराज. पत्ता सांगताना आम्ही आधी पुतळा सांगतो, मग रस्ता. त्यामुळं पुतळ्याकडं मान वर करून बघायची सवय कोल्हापूरकराला फारशी नाही. तो असतोच, जसं देवळाचं शिखर असतं.

मला ती सवय लागली आण्णांमुळं. आमचे वडील.

आण्णा मोल्डर होते. सदर बाजारातल्या आमच्या दोन खोल्यांतनं सायकल काढून शिरोलीला एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात जायचे. कोल्हापूरला लोक अंबाबाई, चप्पल, कुस्ती आणि तांबड्या-पांढऱ्या रश्श्यासाठी ओळखतात. ते ठीकच आहे, पण या गावाचं अर्धं पोट काळ्या वाळूवर चाललंय हे बाहेर फारसं कुणाला माहीत नसतं. आधी उद्यमनगरात ऑइल इंजिनं, उसाचे घाणे, पंप, मग शिरोलीत आणि गोकुळ शिरगावात मोटारींचे सुटे भाग. कुठंतरी दूर कुणाच्यातरी ट्रॅक्टरमध्ये जे ओतीव लोखंड फिरतंय, त्यातलं थोडं आमच्या आण्णांच्या हातचं असेल.

मोल्डरचं काम बघितलंय का कधी? खालची पेटी, वरची पेटी. मध्ये लाकडी पॅटर्न ठेवून भोवती वाळू ठासायची, पॅटर्न अलगद काढून घ्यायचा, मागं राहतो तो नुसता आकार, पोकळ. त्या पोकळीत रस ओतायचा. वितळलेल्या लोखंडाला फाउंड्रीत रसच म्हणतात, उसाच्या रसासारखा. वस्तू आतनं पोकळ हवी असेल तर मधोमध कोअर बसवायचा, म्हणजे वाळूचाच घट्ट केलेला गाभा. रस थंड झाला की वाळू फोडून वस्तू बाहेर काढायची आणि हातोडीनं वाजवून बघायची. आण्णांचा सगळा विश्वास त्या वाजवण्यावर. चांगलं ओतीव खणखणीत बोलतं, तडा गेलेला असेल तर भद्द. घरीही त्यांचं तेच. बाजारातनं नवं पातेलं आलं की आधी बोटाच्या पेरानं टिचकी. आई चिडायची, “पातेलं हाय ते, इंजिन न्हवं.” मग तेही तिला मुद्दाम रिकामा तांब्या वाजवून दाखवायचे, मग पाण्यानं भरून वाजवायचे, आणि विचारायचे, “सांग, डोळं मिटून सांग, कुठला रिकामा?” आई डोळे मिटायची नाही, पण बरोबर सांगायची.

मी सहावीत असेन. शनिवारी त्यांची सुट्टी लवकर व्हायची, तेव्हा मी नाक्यापर्यंत चालत त्यांना सामोरी जायचे. एकदा ते सायकल धरून पुतळ्यापाशी उभे राहिले, राहिले ते राहिलेच. मी भेळेकडं बघत होते. ते घोड्याकडं.

“बाळ, याचं वजन कुठं हाय सांग.”

मी म्हणाले, पोटात.

“पोट तर पुढं आलंय हवेत. मग पडत का न्हाई?”

मला काय माहीत. मी म्हणाले, खालून लोखंड घातलं असेल.

“लोखंड तर असंलच. पण बघ की. राणी वर, तलवार वर, घोड्याची मान वर, पुढचं दोन्ही पाय वर. समदं पुढं नि वर निघालंय. आणि जमिनीला टेकल्यात किती? दोन. मागचं. समदा भार तिथं.” मग स्वतःशीच बोलल्यासारखं, “पुढचं पातळ ओतलं असणार. मागचं जाड. भरीव. मेस्त्रींच्या हाताला सलाम.”

मेस्त्री म्हणजे रवींद्र मेस्त्री. हा पुतळा त्यांनी केला. बाबूराव पेंटरांचे चिरंजीव. बाबूराव म्हणजे ज्यांनी सिनेमाचा कॅमेरा याच गावात स्वतःच्या हातांनी घडवला, पडदे रंगवले, पुतळेही केले, ते कलामहर्षी. त्यांचं मूळ आडनावही मेस्त्रीच. आण्णांना सिनेमाचं कौतुक नव्हतं, कॅमेऱ्याचं होतं. “घरात बसून केला माणसानं,” असं ते म्हणायचे, जसं एखादा पैलवानाबद्दल बोलतो. त्यांची फार इच्छा होती, एकदा त्या घोड्याचा मागचा पाय वाजवून बघायची. चबुतरा एवढा उंच, हात पोचणार कसा? आणि पोचला तरी पोलीस काय म्हणतील, असं आई म्हणायची.

नंतर कॉलेजात असताना लायब्ररीत मला आण्णांचा प्रश्न पुस्तकात सापडला. दोन पायांवरचं घोडं ही शिल्पकारांची शेकडो वर्षांची खोड आहे. लिओनार्दो द व्हिंचीनं मिलानच्या ड्यूकसाठी असं घोडं करायचं मनात आणलं आणि नंतर बेत बदलून चालतं घोडं घेतलं. तेही मातीच्या नमुन्यापुढं गेलं नाही, १४९९ साली फ्रेंच तिरंदाजांनी त्याच्यावर नेम धरून सराव केला. माद्रिदमध्ये १६४० सालचा राजा फिलिप चौथ्याचा पुतळा आहे, पिएत्रो ताक्का याचा. त्यातलं घोडं मागच्या पायांवर उभं आहे, पण गुपचूप शेपटीचाही टेकू घेतलेला. त्याचा हिशोब गॅलिलिओनं सांगितला असं म्हणतात: पुढचा भाग पोकळ ठेवा, मागचा भरीव ओता. सेंट पीटर्सबर्गच्या पीटरच्या घोड्याखाली साप आहे. तो कपटाचं प्रतीक आहे म्हणे, पण शेपटीला टेकायलाही तो बरा पडतो. कुठलाच टेकू न घेता फक्त दोन पायांवर तोललेलं घोडं वॉशिंग्टनमध्ये १८५३ साली उभं राहिलं. ते करणारा क्लार्क मिल्स शिल्पकला कुठं शिकलेला नव्हता, गिलाव्याचं काम करणारा गडी.

हे सगळं मी आण्णांना पत्रात लिहून कळवलं. त्यांनी उत्तर पाठवलं नाही, पण पत्र बऱ्याच जणांना वाचून दाखवलं असं आईकडनं कळलं. गॅलिलिओचं नाव त्यांना घेता येत नव्हतं. ते ‘तो दुर्बीणवाला’ म्हणायचे. “दुर्बीणवालाबी तेच म्हणाला. पुढचं पातळ, मागचं भरीव.”

तोवर आण्णा घरी बसलेले होते. मी बारावीत असताना ते झालं. मोल्डमध्ये कुठंतरी ओल राहिली होती. ओल्या वाळूत रस पडला की पाण्याची वाफ होते, जागा मिळेल तिकडनं बाहेर उसळते आणि बरोबर रस घेऊन येते. डाव्या पायावर आला. घोट्यापासून खाली. दवाखान्यातनं चार महिन्यांनी परत आले तेव्हा चालता येत होतं, उभं राहता येत नव्हतं. मोल्डरला उभं राहता आलं नाही तर काय करायचं? मालकानं थोडे पैसे दिले आणि आता आराम करा म्हणाला. त्या मालकाबद्दल मला आजही फार बोलायचं नाही.

आई तेव्हा अडतीस-एकोणचाळीस वर्षांची. तिनं कुणाला विचारलं नाही, कुणाचा सल्ला घेतला नाही. तिसऱ्या दिवशी शेजारच्या खोलीत राहणाऱ्या तीन पोरांना म्हणाली, “डबा मी देतो.”

हे ‘देतो’ पुण्यामुंबईच्या वाचकाला खटकेल. आमच्याकडं बायका ‘मी आलो, मी गेलो, मी बघतो’ असंच बोलतात. मी नोकरीला पुण्याला गेले तेव्हा पहिल्याच दिवशी ऑफिसात ‘मी जेवून आलो’ म्हणाले आणि टेबलावरच्या सगळ्या हसल्या. तेव्हापासून मी ‘आले’ म्हणायला शिकले, तुम्ही वाचताय ते त्या शिकलेल्या भाषेत. पण आईच्या त्या ‘देतो’त जे होतं, ते माझ्या ‘देते’त येत नाही. कोल्हापूरची गादी एका बाईनं स्थापली, तिथल्या बायका अशा बोलतात याचा आणि त्याचा संबंध जोडायचा मोह मला बऱ्याचदा होतो. संबंध नसणार. भाषाशास्त्रातलं कुणी मला लगेच सांगेल. मोह राहू द्या.

तीन डब्यांचे आठ झाले, आठाचे तीस. शिरोलीतली पोरं, शिकणारी पोरं, एक बँकेतला एकटा कॅशियर. पहाटे चारला स्टोव्ह पेटायचा. भाकरी, एक सुकी भाजी, आमटी, कांदा-लसूण चटणी. बुधवारी अंडी आणि रविवारी मटण, पांढरा रस्सा वेगळ्या बरणीत. आण्णा बसून कांदे चिरायचे, डब्यांवर खडूनं नंबर घालायचे, हिशोब लिहायचे. ते फार कमी बोलायला लागले होते. पोरं पैसे द्यायला उशीर करायची, आई तरी डबा थांबवायची नाही, पण चटणी कमी करायची. चटणी कमी झाली की पोरं दोन दिवसांत पैसे आणून द्यायची.

रात्री दहाला सगळं आवरलं की ती घमेल्यात ऊन पाणी घ्यायची, त्यात मूठभर खडेमीठ टाकायची आणि दोन्ही पाय सोडून बसायची. त्या पायांकडं मी कितीतरी रात्री अभ्यासाचं पुस्तक पुढं धरून चोरून बघितलंय. टाचांना भेगा, त्यांत पीठ भरून पांढरं झालेलं. पोटऱ्यांवर निळ्या-जांभळ्या शिरा फुगून वर आलेल्या, दोरखंडासारख्या, एक तर गुडघ्यामागनं वळसा घालून खाली घोट्यापर्यंत गेलेली. पाण्यात बोटं हलवायची, डोळे मिटलेले. तोंडावर थकवा नसायचा. थकवा सगळा खाली उतरलेला असायचा. एका रात्री आण्णा शेजारी बसून तिच्या पायांकडं बघत होते. बघता बघता त्यांनी पेरानं तिच्या घोट्यावर हळूच टिचकी मारली.

“काय वाजतंय?” आईनं डोळे न उघडता विचारलं.

“बघतो तडा गेलाय का.”

“गेला असंल तर वरनं गिलावा कर.”

दोघंही हसले. मी हसले नाही. मला काहीतरी दिसलं होतं आणि ते काय, ते सांगता येत नव्हतं. पुढं बऱ्याच वर्षांनी, नाक्यावर, पाऊस होता, मी बसची वाट बघत होते, घोड्याच्या मागच्या पायाच्या तटतटलेल्या शिरा ओल्या होऊन चमकत होत्या. तेव्हा मला ते घमेलं आठवलं.

त्या दिवसापासून मी ताराबाईचं वाचायला लागले. शाळेच्या पुस्तकात तिचे साडेतीन परिच्छेद होते. हंबीरराव मोहित्यांची मुलगी, राजाराम महाराजांची पत्नी. १७०० च्या मार्चमध्ये महाराज सिंहगडावर गेले तेव्हा ही पंचवीस वर्षांची, पदरात चार वर्षांचा मुलगा. औरंगजेब स्वतः दख्खनमध्ये तळ देऊन बसलेला. त्यानं पाठोपाठ साताऱ्यापासून तोरण्यापर्यंत गड घेतले. हिनं मुलाला गादीवर बसवून कारभार हातात घेतला आणि फौजा उलट माळव्यात, गुजरातेत पाठवल्या. तो गड घ्यायचा, पुढं निघायचा, मागं मराठे तोच गड परत घ्यायचे. १७०७ साली नगरजवळ औरंगजेब मेला. सात वर्षं. पुस्तक तिथं संपतं, पुतळाही तिथंच उभा आहे. घोड्याचे पाय उचललेले आहेत ते या सात वर्षांत.

पण तिला अजून चोपन्न वर्षं जगायचं होतं, आणि त्यात तिच्या वाट्याला फारसं काही चांगलं आलं नाही. संभाजी महाराजांचे चिरंजीव शाहू मोगलांच्या कैदेतनं सुटून आले. खेडला लढाई झाली, ती हरली. साताऱ्याहून मागं हटून पन्हाळ्याला आली. १७१० मध्ये वेगळी गादी मांडली, ती कोल्हापूरची. चार वर्षांत सवतीनं, राजसबाईनं, आपल्या मुलाला गादीवर बसवलं आणि हिला मुलासकट पन्हाळ्यावर कैदेत टाकलं. स्वतः स्थापलेल्या गादीच्या कैदेत! पुढं तो मुलगाही कैदेतच गेला. १७३१ च्या वारणेच्या तहानंतर ती साताऱ्याला गेली, ज्या पुतण्याशी भांडली त्याच्याच आश्रयाला. १७४९ मध्ये शाहू महाराज गेले तेव्हा ही चौऱ्याहत्तर वर्षांची. आणि तेव्हा म्हातारी पुन्हा उठली. रामराजा हा माझा नातू, लपवून वाढवला होता, म्हणाली. त्याला गादीवर बसवलं. तो तिचं ऐकेना, पेशव्यांचं ऐकायला लागला, तर १७५० मध्ये त्याला साताऱ्याच्या किल्ल्यावर कोंडला. आणि १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबापुढं शपथ घेतली की हा माझा नातू नव्हेच.

खरं कधी बोलली, आधी की नंतर? त्यावर इतिहासकार भांडतात. मी भांडत नाही. मला त्या शपथेची बाई पुतळ्यातल्या बाईपेक्षा जास्त ओळखीची वाटते.

कारण आमच्या घरातही असंच झालंय. आण्णा गेल्यावर दादानं सदर बाजारातली जागा विकून फ्लॅट घ्यायचं ठरवलं. त्याचंही चुकत नव्हतं. भिंतींना ओल, गल्लीत चारचाकी येत नाही. पण आईला जागा सोडायची नव्हती, आणि ‘नाही’ म्हणणं हा तिचा मार्ग नव्हता. ती हो म्हणाली. फक्त कागद सापडेनात. ट्रंक उपसली, गाद्या उसवल्या, डाळीचे डबे पालथे केले. चार महिने. शेवटी दादा वैतागून म्हणाला, “ज्योतिबाची शपथ घे, घरात न्हाईत म्हणून.” आईनं डोंगराकडं तोंड केलं, हात जोडले आणि म्हणाली, “ज्योतिबाची आण, या घरात कागद न्हाईत.” दादा गप्प बसला. सौदा मोडला. पुढच्या दिवाळीत कळलं, कागद खरंच घरात नव्हते. समोरच्या वहिनींच्या कपाटात होते.

तेव्हा मी हसले खरी, पण दादाला झालेला त्रास मला माहीत आहे. सून दोन वर्षं बोलत नव्हती. हट्टी म्हातारी माणसं दुरून फार छान दिसतात. ती घरात असली की कोंडलेला रामराजा कुणीतरी असतोच. पुतळा करणाऱ्यांना हे परवडत नाही, त्यांना पंचविशीतली बाई बरी. त्यात कुणाची चूकही नाही. जेजुरीला खोटी की खरी शपथ घेणाऱ्या सत्त्याहत्तर वर्षांच्या म्हातारीचं ब्राँझ कोण ओतणार, आणि कुठल्या चौकात ठेवणार?

पानिपत झालं १७६१ च्या जानेवारीत. ज्यांच्याशी ती म्हातारपणी भांडली ते नानासाहेब पेशवे जूनमध्ये गेले. ती त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये गेली. सगळ्यांच्या मागनं. साताऱ्याजवळ संगम माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या काठी तिची समाधी आहे. मी एकदा मुद्दाम वाट वाकडी करून गेले होते. तिथं उधळलेलं घोडं नाही, तलवार नाही. दगड आहेत, नदी आहे, पलीकडच्या घाटावर कुणाचेतरी दिवस घालणं चाललेलं. कावळ्यांची वाट बघत माणसं बसलेली. मला कावळा नाका आठवला आणि नको तिथं हसू आलं.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा महाराजांचा पुतळा कोसळला. अनावरण होऊन नऊ महिनेही झाले नव्हते. टीव्हीवर दिवसभर तीच दृश्यं. चबुतऱ्यावर उरलेली नुसती पावलं, बाकी सगळं खाली. पुढाऱ्यांचे आरोप, इंजिनिअरांच्या चर्चा, वाऱ्याचा वेग, गंजलेले नट-बोल्ट. आई शेंगा सोलत बघत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “तुझं आण्णा असते तर म्हणाले असते, घोट्यात गेला.” मी तिच्याकडं बघितलं. ती पुन्हा शेंगा सोलायला लागली. चाळीस वर्षं संसार करून त्या माणसाचं सगळं ओतकाम तिच्यात उतरलंय, हे मला तेव्हा कळलं. तिलाही माहीत नसावं.

तर, सिग्नल. तो नाक्यावरचा सिग्नल भलताच लांब आहे. डॉक्टरांनी फोटो दाखवून सांगितलं होतं, गुडघ्यातली गादी पूर्ण झिजलीय, दोन्ही बदलायला हवेत. आईनं विचारलं होतं, “बदलून भाकरी थापता येतील का, उभं राहून?” डॉक्टर तरुण होते, त्यांना प्रश्न कळला नाही. ते म्हणाले, “आजी, आता कशाला उभं राहायचं?” तेव्हापासून ती गप्प होती. मी ग्रुपवर उत्तर लिहून फोन पर्समध्ये टाकला. वर तो पोरगा घोड्याची पाठ धुऊन खाली आला होता. शिडी सरकवली, बादली हातात, आता मागच्या पायांशी होता. काळपट हिरव्या ब्राँझवरनं पाणी ओघळत होतं. बादली त्याच्या हातातनं निसटली की त्यानं ती टेकवताना आपटली, नीट दिसलं नाही.

आईनं माझ्या हातावर हात ठेवला.

“ऐकलंस?”

“काय?”

“मागचा पाय.”

मागं ट्रकचा हॉर्न, पुढं एसटी, बाजूला कुणीतरी मोबाइलवर मोठ्यानं भांडत होता. मी काहीच ऐकलं नव्हतं. मी वर बघितलं, तिच्याकडं बघितलं. ती डोळे मिटून बसली होती, तांब्या ओळखायला सांगितल्यावर कधी मिटायची नाही तसे.

“भरीव हाय,” ती म्हणाली. मग सिग्नल सुटला, आणि तिनं डोळे उघडून रिक्षावाल्याच्या पाठीवर हात मारला. “चल की बाबा, डाळ भिजत घालून आलोय.”